जूनची तूट, सप्टेंबरचा अतिरेक : २०१९ चा मान्सून आणि हिंदी महासागर

भारतीय हवामान विभागाने १५ एप्रिल २०१९ रोजी पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर केला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल, असे त्यात म्हटले होते आणि पाच टक्क्यांची कमीअधिक चूक गृहीत धरली होती. जून संपला तेव्हा हा आकडाही फार आशावादी वाटू लागला, कारण त्या महिन्यात देशभरात सरासरीच्या अवघा ६७ टक्के पाऊस झाला होता. पुढे चित्र पालटले. जुलैमध्ये १०५ टक्के, ऑगस्टमध्ये ११५ टक्के आणि सप्टेंबरमध्ये तब्बल १५२ टक्के पाऊस पडून हंगामाची बेरीज ११० टक्क्यांवर गेली. जूनमध्ये तीस टक्क्यांहून अधिक तूट असूनही हंगामाने सरासरी ओलांडली, असे १९३१ नंतर प्रथमच घडले. सप्टेंबरमध्ये इतका पाऊस तर १९१७ नंतर झालेलाच नव्हता.

या उलथापालथीचे श्रेय हंगाम संपताच ‘इंडियन ओशन डायपोल’ या एका घटकाला देऊन टाकण्यात आले. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानात पडणाऱ्या तफावतीला हे नाव आहे आणि वर्तमानपत्रांतून ते ‘आयओडी’ म्हणून रूढ झाले आहे. त्या वर्षी ही तफावत खरोखरच असामान्य होती. तरीही महासागराने काय केले आणि वातावरणाने आपल्या हिशेबाने काय केले, हे वेगळे काढल्याशिवाय २०१९ चा पावसाळा समजत नाही. ते वेगळे काढण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

हंगाम कसा सरकला

मान्सून केरळात ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिराने दाखल झाला. लगेच अरबी समुद्रात ‘वायू’ चक्रीवादळ तयार झाले. १० जूनच्या सुमारास जन्मलेले हे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले, गुजरातजवळ रेंगाळले आणि १७ जूनपर्यंत विरून गेले. या आठवड्यात मान्सूनचा प्रवाह विस्कळीत झाला आणि बाष्प वादळाभोवती खेचले गेले. परिणामी मान्सून कोकणात २० जूनच्या सुमारास आणि मुंबईत २५ जूनला पोहोचला, जेव्हा मुंबईसाठी त्या वेळची सर्वसाधारण तारीख १० जून होती. मृग कोरडा गेला. पेरण्या आर्द्रात आणि काही भागांत त्याहीनंतर झाल्या. २०१८ च्या दुष्काळातून न सावरलेल्या मराठवाड्यात जुलै उजाडला तरी गावोगाव टँकर फिरत होते.

मग मुंबईत २ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेने ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. सप्टेंबरमध्ये, म्हणजे एरवी पावसाचा जोर ओसरण्याच्या काळात, मध्य भारतावर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे येत राहिली. मान्सूनचा परतीचा प्रवास वायव्य भारतातून ९ ऑक्टोबरला सुरू झाला. तोवर नोंदींत सर्वांत उशिराची तारीख होती १ ऑक्टोबर, आणि ती १९६१ सालची होती. १९६१ हे साल या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

समुद्रात काय चालले होते

एप्रिलमध्ये साऱ्यांचे लक्ष पॅसिफिक महासागराकडे होते. तेथे दुर्बळ एल निनो, म्हणजे विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा तापलेली स्थिती, होती आणि एल निनो म्हटले की भारतात तुटीची भीती ठरलेलीच. हा एल निनो जुलैपर्यंत मावळला, त्यामुळे मान्सूनवरचे एक ओझे हंगामाच्या मध्यावर उतरले. उरलेल्या बदलासाठी मात्र हिंदी महासागराकडे पाहावे लागते.

एरवी विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागराचा पूर्व भाग, म्हणजे सुमात्रा बेटाच्या पश्चिमेचा समुद्र, पश्चिम भागापेक्षा उबदार असतो. मान्सूनच्या आधी आणि नंतर विषुववृत्तावर पश्चिमेकडून वारे वाहतात आणि उबदार पाणी पूर्वेला लोटतात. तेथे या पाण्याचा थर जाड असतो, खालचे थंड पाणी खोलवर राहते आणि वरच्या हवेत ढगांची गर्दी कायम असते. पॅसिफिकमध्ये याच्या नेमके उलट घडते. तेथील वारे पूर्वेकडून वाहतात आणि पेरूच्या किनाऱ्यापासून विषुववृत्ताच्या बाजूने थंड पाण्याचा पट्टा बहुतेक वर्षे टिकून असतो. हिंदी महासागरात असा कायमचा थंड पट्टा नाही. तो काही वर्षी, काही महिन्यांपुरता तयार होतो. २०१९ हे तसे वर्ष होते.

मे-जूनपासून सुमात्रा आणि जावाच्या किनाऱ्याला समांतर, आग्नेयेकडून वाहणारे वारे नेहमीपेक्षा जोरकस झाले. दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याने ढकललेले वरच्या थरातील पाणी वाऱ्याच्या दिशेच्या डावीकडे सरकते. हा वारा वायव्येकडे जाणारा असल्याने त्याच्या डावीकडे खुला समुद्र येतो. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या पाण्याची जागा खालचे थंड पाणी घेते. पृष्ठभाग थंडावला की वरची हवा उठेनाशी होते, ढग विरतात आणि हवेचा दाब वाढतो; वाढलेल्या दाबामुळे विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे सुटतात. ते वारे उबदार पाणी आफ्रिकेच्या दिशेने नेतात, पूर्वेकडचा उबदार थर आणखी पातळ करतात आणि थंड पाण्याला वर येणे आणखी सोपे होते. समुद्र आणि हवा यांनी एकमेकांना अशी बळ देत राहण्याची साखळी हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये पॅसिफिकसाठी मांडली होती. हिंदी महासागरात तिचे अस्तित्व ओळखायला आणखी तीस वर्षे गेली. एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशियो यामागाता यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच अंकात पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे याच घटनेचे वर्णन केले. यांतील गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संचालक झाले.

या तफावतीचा निर्देशांक काढण्याची रीत साधी आहे. आफ्रिकेकडील एका चौकटीतील आणि सुमात्रालगतच्या दुसऱ्या चौकटीतील समुद्रपृष्ठाचे तापमान त्या-त्या काळच्या सरासरीपेक्षा किती वरखाली आहे हे पाहायचे आणि पश्चिमेच्या आकड्यातून पूर्वेचा वजा करायचा. ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग हा फरक ०.४ अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिला तर त्याला धन आयओडी म्हणतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये साप्ताहिक आकडा २ अंशांच्या पुढे गेला होता. या आकड्यात पूर्वेकडील थंडीचा वाटा पश्चिमेकडील उबेपेक्षा मोठा होता, ही गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. आपल्याकडे चर्चा झाली ती ‘अरबी समुद्र तापला’ एवढीच.

समुद्रापासून पावसापर्यंत

सुमात्रालगतचा समुद्र थंड झाला म्हणून विदर्भात पाऊस का पडावा, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे रास्त आहे. याचे उत्तर हवेच्या उभ्या अभिसरणात आहे. उष्णकटिबंधात समुद्रपृष्ठ साधारण २८ अंशांच्या आसपास असेल तरच उंच, पावसाळी ढग जोमाने वाढतात. पूर्व हिंदी महासागर त्याखाली गेला की तेथे हवा खाली उतरू लागते आणि तिची भरपाई म्हणून अन्यत्र ती वर उठते. बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग आणि मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा ही त्यांतील एक जागा. शिवाय, विषुववृत्तावरील ढगांचा पट्टा आणि भारतावरील ढगांचा पट्टा यांच्यात पावसाळाभर बाष्पासाठी एक प्रकारची स्पर्धा असते. विषुववृत्ताच्या पूर्व भागातील ढग दुबळे झाले की भारतावरील पट्ट्याचे बळ वाढते.

पुण्यात जन्मलेल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास करणाऱ्या सुलोचना गाडगीळ यांनी २००३-०४ च्या सुमारास सहकाऱ्यांसह या बाबतीत एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. पाण्याच्या तापमानातील तफावत आणि तिच्यावरच्या हवेतील ढगांची व वाऱ्यांची तफावत या दोन गोष्टी नेहमी एकत्र चालत नाहीत, आणि भारतातील पावसाचा संबंध पहिलीपेक्षा दुसरीशी अधिक घट्ट आहे. १९९७ मध्ये शतकातील बलाढ्य एल निनोपैकी एक असूनही देशात १०२ टक्के पाऊस झाला, कारण विषुववृत्तीय हिंदी महासागरावरील वातावरण अनुकूल होते. २००२ मध्ये एल निनो त्या मानाने सौम्य असूनही जुलै महिना जवळजवळ निम्म्यावर आला, कारण तेच वातावरण प्रतिकूल होते. पॅसिफिकचा एकट्याचा हिशेब पुरत नाही, हे या दोन वर्षांनी पक्के केले. २०१९ चा विचारही याच चौकटीत करायला हवा.

आता कालक्रम तपासू. निर्देशांकाचा उच्चांक ऑक्टोबरमध्ये आला, म्हणजे चार महिन्यांचा हंगाम संपल्यावर. जून ते ऑगस्ट या काळात तो धन असला तरी पुढच्या मानाने बेताचाच होता. २ अंशांचा आकडा पुढे करून त्याच्या जोरावर ऑगस्टच्या पावसाचे स्पष्टीकरण देणे म्हणूनच गैर आहे. सप्टेंबरच्या बाबतीत मात्र जुळणी बरी दिसते: निर्देशांक झपाट्याने चढत होता, पूर्वेकडील ढग नाहीसे होत होते आणि मान्सून माघारी जाण्याची चिन्हे नव्हती. याला आणखी एक बाजू आहे. बंगालच्या उपसागरावर आणि भारतावर पाऊस जोरात पडत असेल तर त्याने मुक्त होणाऱ्या उष्णतेमुळे सुमात्राकडील आग्नेय वारे वाढतात, म्हणजे मान्सूनही आयओडीला खतपाणी घालतो, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते मान्य केले तर ‘आयओडीमुळे पाऊस’ हे एकदिशी वाक्य टिकत नाही. मला स्वतःला २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही दिशांनी देवाणघेवाण झाली असावी, हेच अधिक पटते.

जूनच्या तुटीचा तर महासागराशी संबंध जोडणे कठीणच. तेथे वायू वादळ, उशिराचे आगमन आणि तीस ते साठ दिवसांच्या आवर्तनाने विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारी ढगांची मोठी लाट, म्हणजे मॅडन-ज्युलियन आंदोलन, यांचा वाटा होता. ही लाट भारताच्या टापूत नसली की पाऊस ओढ देतो, आणि महासागराची स्थिती कशीही असली तरी त्या दोन-तीन आठवड्यांत तिचेच चालते.

कृष्णा-पंचगंगेचा महापूर

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाची तीव्र क्षेत्रे तयार होऊन मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकली. त्यांच्या दक्षिणेस अरबी समुद्रावरून येणारे वारे जोरकस झाले आणि सह्याद्रीला आडवे धडकले. राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, गगनबावडा या घाटमाथ्याच्या पट्ट्यात दिवसामागून दिवस अतिवृष्टी होत राहिली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २००५ च्या महापुराची खूण मागे पडली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला.

हा महापूर आयओडीच्या खात्यावर टाकणे मला मान्य नाही. महासागराची अनुकूल स्थिती अशा सक्रिय टप्प्याची शक्यता थोडी वाढवते, एवढेच म्हणता येते. पाऊस नेमका कृष्णेच्या खोऱ्यात, त्या आठ-दहा दिवसांत आणि धरणे भरत आलेली असताना पडला, याचे कारण वातावरणातील कमी मुदतीच्या हालचालींत आणि सह्याद्रीच्या उतारात आहे. पाणी इतके दिवस का ओसरले नाही, हा प्रश्न तर हवामानाच्या पलीकडचा, म्हणजे नदीपात्रातील बांधकामे, पूररेषा, धरणांतून पाणी सोडण्याचे वेळापत्रक आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा फुगवटा याविषयीच्या वादाचा आहे. राज्य शासनाने त्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

याच दिवसांत मराठवाड्यातील परिस्थिती पाहण्यासारखी होती. नाशिक जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने गोदावरी दुथडी भरून वाहिली आणि जायकवाडीचा साठा भराभर वाढला, पण धरणाभोवतीच्या तालुक्यांत शिवारातील विहिरी कोरड्याच होत्या. देशाचे ११० टक्के आणि एका तालुक्याचे वास्तव यांत किती अंतर असू शकते, हे पैठणला धरणाच्या भिंतीवर उभे राहून दिसत होते.

ऑक्टोबर : येथे महासागराचा हात स्पष्ट आहे

मान्सून १६ ऑक्टोबरला देशातून परतल्याचे जाहीर झाले आणि आठवड्याभरात अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळाची जुळवाजुळव सुरू झाली. २४ ऑक्टोबरच्या सुमारास कोकण किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या समुद्रात ते आकाराला आले, पश्चिमेकडे सरकत महाचक्रीवादळाच्या श्रेणीला पोहोचले आणि मग ओमानच्या बाजूने वळून विरले. अरबी समुद्रात या श्रेणीचे वादळ २००७ च्या ‘गोनू’नंतर प्रथमच आले होते. क्यार जिवंत असतानाच लक्षद्वीपजवळ ‘महा’ हे दुसरे तीव्र वादळ उभे राहिले; ते आधी वायव्येला गेले आणि मग उलट फिरून गुजरातकडे आले. २०१९ मध्ये वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे अरबी समुद्रात झाली, जेथे वर्षाला सरासरी एक होते. एका वर्षात पाच वादळांची यापूर्वीची नोंद १९०२ मधील आहे.

पश्चिमेकडील उबदार पाणी आणि त्यावरील उठती हवा वादळांना पोषक ठरली, हे येथे निःशंकपणे म्हणता येते, कारण निर्देशांकाचा उच्चांक आणि वादळे एकाच पंधरवड्यातील आहेत. तरीही हा नियम आंधळेपणाने लावू नये. धन आयओडीच्या वर्षी बंगालच्या उपसागरात वादळे कमी होतात असे मानले जाते, पण त्याच नोव्हेंबरात ‘बुलबुल’ हे तीव्र वादळ पश्चिम बंगाल आणि बांगलादेशावर आदळले.

महाराष्ट्राच्या शेतीला या पंधरवड्याने दिलेला फटका जूनच्या तुटीपेक्षा मोठा होता. उशिरा पेरलेले सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर काढणीला आले होते. कापून शेतातच गंजी लावलेली होती, मळणीयंत्राची वाट पाहत. वरून ताडपत्री असली तरी खालून ओल चढली, शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले आणि गंजीत हात घातला तर वाफ येई. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी होऊन वेली पोंगा (कोवळी फूट) ते फुलोरा या नाजूक अवस्थांत होत्या. सततच्या भिजक्या पानांवर डाऊनी या बुरशीजन्य रोगाने धरले, घड कुजले, आणि फवारणीसाठी ट्रॅक्टर बागेत घालायचा तर चाके चिखलात रुतत. लाल कांदा शेतातच सडला. केंद्र सरकारने २९ सप्टेंबरलाच निर्यातबंदी लावली होती आणि डिसेंबरमध्ये किरकोळ बाजारात कांदा शंभरी ओलांडून गेला. सुमारे ५४ लाख हेक्टरांवरील पिकांचे नुकसान झाल्याचे शासनाने सांगितले. राज्यात तेव्हा निवडणुकीनंतरचा सत्तापेच चालू होता. मदतीचा निर्णय राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला जाहीर केला: खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, बहुवार्षिक फळबागांसाठी १८,००० रुपये आणि मर्यादा दोन हेक्टरांची.

महासागराच्या दोन्ही काठांवर

भारतातील पावसाशी आयओडीचा संबंध सैल असला तरी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम काठांवर तो घट्ट आहे. पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘लहान पावसाळा’ मानला जातो. २०१९ मध्ये तो लहान राहिला नाही. सोमालियात शाबेले नदीने बेलेदवेन शहर बुडवले, केनियाच्या वेस्ट पोकोट भागात दरडी कोसळून अनेकांचा जीव गेला आणि दक्षिण सुदानमध्ये मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. व्हिक्टोरिया सरोवराची पातळी वाढत जाऊन मे २०२० मध्ये तिने १९६४ चा विक्रम मोडला. ओल्या झालेल्या कोरडवाहू प्रदेशात वाळवंटी टोळांना प्रजननासाठी हवी तशी जमीन मिळाली आणि डिसेंबरमधील ‘पवन’ वादळाने सोमालियात तिच्यात भर घातली. केनियाने सत्तर वर्षांत पाहिली नव्हती अशी टोळधाड २०२० च्या सुरुवातीला आली. या धाडीची बीजे मात्र २०१८ मध्ये अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडून गेलेल्या दोन चक्रीवादळांत होती, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या काठावर ऑस्ट्रेलियात २०१९ हे नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष ठरले. सुमात्राजवळ न झालेल्या ढगांमुळे ऑस्ट्रेलियाकडे जाणारे बाष्प आटले. त्यातच सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकावरील स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, अचानक तापले आणि दक्षिण गोलार्धातील पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकून पूर्व किनाऱ्यावर कोरडी, गरम हवा आली. त्या उन्हाळ्यातील वणव्यांमागे या दोन्ही गोष्टी होत्या.

परिणाम तेथेही थांबले नाहीत. पूर्वेकडील वाऱ्यांनी समुद्राच्या पोटात सुरू केलेल्या मंद लाटा पश्चिमेकडे सरकत नैर्ऋत्य हिंदी महासागरात पोहोचल्या आणि तेथील उबदार थर जाड झाला. २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत टिकलेल्या या उबेचा चीनमधील यांगत्से खोऱ्यातील महापुराशी संबंध संशोधकांनी दाखवला आहे. मोठा एल निनो नसतानाही असा पूर का यावा, याचे उत्तर त्यातून मिळाले.

आधी किती कळले असते

एप्रिलच्या अंदाजात हवामान विभागाने धन आयओडी तयार होण्याची शक्यता नमूद केली होती. चूक झाली ती त्याच्या ताकदीच्या बाबतीत. जपानच्या जॅमस्टेक या सागरविज्ञान संस्थेच्या संगणकीय प्रारूपाने तर नोव्हेंबर २०१८ पासूनच या घटनेची चाहूल दिली होती. पण एखादे प्रारूप एका वर्षी बरोबर येणे आणि त्यावर दरवर्षी विसंबता येणे यांत फरक आहे. बहुतेक प्रारूपांना मार्च-एप्रिलमध्ये पुढचे महिने धूसर दिसतात, कारण त्या काळात समुद्र आणि हवा यांची सांगड सैल असते आणि मे-जूनमधील वाऱ्यांची एखादी झुळूकही पुढची दिशा ठरवू शकते.

येथे निरीक्षणांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पॅसिफिकमध्ये मोजमापासाठी नांगरलेल्या तरंगकांची रांग विसाव्या शतकातच उभी राहिली होती. हिंदी महासागरातील ‘रामा’ जाळ्याची उभारणी २००४ मध्ये सुरू झाली आणि त्यात अमेरिका, भारत, जपान, इंडोनेशिया आदी देशांचा सहभाग आहे. खोल समुद्रात वरखाली होत तापमान आणि क्षारता मोजणारे आर्गो तरंगक, उपग्रहांवरून मिळणारे वाऱ्यांचे मापन आणि हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती संस्थेत गोळा होणारी माहिती यांच्यामुळे २०१९ चा आयओडी वाढताना आठवड्यागणिक दिसत होता, हे १९९४ किंवा १९९७ मध्ये शक्य नव्हते. केंद्र सरकारच्या ‘मान्सून मिशन’ या संशोधन योजनेअंतर्गत पुण्यात चालवल्या जाणाऱ्या समुद्र-वातावरण संयुक्त प्रारूपाला हीच माहिती लागते.

२०१९ नंतर एक प्रशासकीय बदलही झाला. मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा जुन्या पडल्याचे आधीच जाणवत होते. २०२० मध्ये त्या सुधारल्या गेल्या आणि वायव्य भारतातून परतीची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर आली. मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख आता ८ ऑक्टोबर आहे. सोयाबीनच्या काढणीचे आणि द्राक्षछाटणीचे नियोजन करणाऱ्यांसाठी हंगामी टक्केवारीपेक्षा ही दुरुस्ती अधिक उपयोगाची आहे, असे मला वाटते.

मागची आणि पुढची वर्षे

मोठ्या धन आयओडीची वर्षे शेजारी ठेवली तर काय दिसते? १९६१ मध्ये देशात विसाव्या शतकातील सर्वाधिक पावसाच्या हंगामांपैकी एक झाला, परतीचा प्रवास रेंगाळला आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत व्हिक्टोरिया सरोवर दोन मीटरहून अधिक वर आले. त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटले. त्याची कारणे धरणाच्या बांधकामात होती, म्हणून त्याला या यादीत ओढू नये. १९९४ मध्येही पाऊस ११० टक्के होता. १९९७ मध्ये तो १०२ टक्के आणि २००६ मध्ये सरासरीइतका राहिला. २०१५ मध्ये आयओडी धन असूनही बलाढ्य एल निनोपुढे त्याचे काही चालले नाही आणि हंगाम ८६ टक्क्यांवर थांबला. सुमात्रालगतच्या मेंतावाई बेटांवरील प्रवाळांच्या थरांवरून सन १२४० पासूनचा, मध्ये खंड असलेला जो इतिहास वाचता आला आहे त्यात अतितीव्र धन आयओडी केवळ दहा सापडतात आणि त्यांपैकी चार १९६० नंतरचे आहेत. त्यातील सर्वांत जबरदस्त मात्र १६७५ चा, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या पुढच्या वर्षीचा आहे. तापमानवाढीच्या आधीही हा महासागर टोकाला जाऊ शकत होता, हे त्यावरून कळते.

खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. एल निनो वाढत होता आणि धन आयओडी तयार होत असल्याने तो मान्सूनला तारून नेईल, असा दिलासा जून-जुलैमध्ये वारंवार दिला गेला. प्रत्यक्षात ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला, तूट ३६ टक्क्यांची होती आणि हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. आयओडी खरा बळावला तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा खरिपासाठी त्याचा उपयोग उरला नव्हता. ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रात ‘तेज’ हे तीव्र वादळ झाले, पण ते येमेनकडे गेले आणि महाराष्ट्रातील सोयाबीन कोरड्या हवेत निघाले. सोमालिया आणि केनियात मात्र त्या वर्षीही ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये २०१९ सारखाच महापूर आला.